असलेल्या हाताचा साचा

१

आंघोळ करताना तिला स्वतःच्याच हाताने गुदगुल्या झाल्या.

गोष्ट एवढीच. साबण लावायला डावा हात उजव्या काखेत गेला आणि ती खुदकन हसली. अंग चोरलं, तसा साबण निसटून बादलीमागे गेला. वाकून साबण शोधताना तिच्या मनात आधी आलं ते हे, की झोप कमी पडतेय. बाळ झाल्यापासून जगात जे काही बिघडे त्याचं कारण झोप कमी पडणं हेच असे. दूध उतू गेलं, झोप. दोन पायांत दोन वेगळ्या चपला, झोप. आता काखेचाही कारभार झोपेकडेच.

"काय गं, एकटीच काय हसतेस?" बाहेरून सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई. साबण पडला."

"साबण पडला की हसायचं! तुमच्या पिढीचं सगळंच न्यारं."

तिने पुन्हा करून पाहिलं. उजवा हात डाव्या काखेत. काही नाही, जणू फडताळ पुसतोय. डावा हात उजव्या काखेत. पोटातून हसू वर आलं आणि ओठ दाबून धरले तरी नाकातून फुटलं. सहा वर्षांची असताना मामा मागून येऊन करायचा, अगदी तसंच. मागून कुणीतरी आल्यासारखं.

ती शिकलेली होती. म्हणजे घाबरण्याआधी कारण शोधणारी, आणि कारण सापडल्यावरही घाबरणारी. पण बसला आठ मिनिटं उरली होती. घाबरणं तिने संध्याकाळवर टाकलं.

२

तिचं काम हात रंगवायचं.

हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, ज्यांचा हात गेलाय त्यांच्यासाठी कृत्रिम हात बनवण्याची कार्यशाळा होती. आतला सांगाडा खालच्या मजल्यावर बनायचा. वरची सिलिकॉनची कातडी, जिला तिथे सगळे 'खोळ' म्हणत, ती साचेवाले काका ओतायचे, आणि खोळीला जिवंत माणसाचा रंग द्यायची ती. गिऱ्हाईक समोर बसे, शाबूत हात टेबलावर ठेवे. त्या हाताकडे बघून ती हरवलेल्या हाताच्या शिरा काढी, सांध्यांवरचा काळपटपणा, नखाच्या मुळाशी असतो तो पांढरा चंद्र. एका गिऱ्हाइकाने तिने रंगवलेल्या हाताची नखं तिसऱ्याच दिवशी कुरतडली होती. तिच्या कामाला मिळालेलं सगळ्यांत मोठं प्रशस्तिपत्र ते.

सहा महिन्यांची रजा संपून ती कामावर परतली, तेव्हा घरी एकच संकट होतं. गोटी तिच्या हाताशिवाय झोपत नव्हती.

गोटी म्हणजे तिची लेक. कागदावर छान लांबलचक नाव होतं, पण जन्मतःच डोकं असं गोल गरगरीत की पहिल्या दिवसापासून गोटी. दुपारी एक वाजता गोटीला पालथं घालायचं आणि पाठीवर डावा हात ठेवायचा. तीन थापट्या, मग अंगठा मणक्यावरून एकदा वर. पुन्हा तीन थापट्या, अंगठा. पाच मिनिटांत गोटी गुडूप. हेच सासूबाईंनी केलं की गोटी खिदळायची. नवऱ्याने केलं तर किंचाळून हसायची, पाय झाडायची. आईच्या हाताला मात्र ती कधीच हसली नव्हती. नुसता एक लांब श्वास सोडायची.

सुरुवातीला तिला याचं वाईट वाटलं होतं. जगाला हसू आणि आईला उसासा! पण नवरा शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याने समजावलं होतं. "अगं, स्वतःला गुदगुल्या होतात का? नाही ना? आपला हात निघायच्या आधीच मेंदू कातडीला वर्दी देतो, घरचंच माणूस येतंय, आरडाओरडा नको. दुसऱ्याच्या हाताची वर्दी येत नाही, म्हणून दचकायला होतं, हसू येतं. तुझा हात गोटीला दुसऱ्याचा वाटतच नाही. तू म्हणजे तीच."

हे त्याने भाजी चिरता चिरता सांगितलं होतं, पण तिने ते मनात दागिन्यासारखं जपून ठेवलं होतं. *तू म्हणजे तीच.*

कामावर रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी साचेवाले काका म्हणाले, "पोरी, सकाळपासून चौदा वेळा घरी फोन लावलास. मी मोजलेत. तुझा हातच पाठवून देऊया की घरी."

थट्टाच होती. पण दातांचे डॉक्टर जबड्याचा ठसा घेतात तसला गुलाबी लगदा काकांनी कालवला, तिने डावा हात कोपरापर्यंत आत घातला, आणि आठवड्याभरात हात तयार झाला. आत धुतलेल्या बारीक रेतीची पिशवी. ती दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवली की तासभर ऊब टिके. मनगटाला तिच्या जुन्या शर्टाची बाही शिवली, वासासाठी. रंग तिने स्वतःच दिला. तर्जनीवर ब्लेड लागल्याची जुनी खूण होती, तीही काढली. रंगवताना एकदा तिने कुंचला चुकून खऱ्याच बोटावर टेकवला. काका पोट धरधरून हसले.

"उजव्याचाही साचा घेऊन ठेवू का? जोडी होईल."

"एक पुरे, काका. मलाही एखादा लागेल की."

३

हाताने कमाल केली. सासूबाईंना आधी तो बघवेना. "मेला कापून ठेवल्यासारखा दिसतो," म्हणाल्या, आणि तो न्यायचा झाला की वर रुमाल टाकून नेत. पण गोटीने त्याच्याखाली पहिल्याच दुपारी लांब श्वास सोडला आणि झोपली. सासूबाईंना बाळ झाल्यापासून पहिल्यांदा दुपारचा चहा गरम प्यायला मिळाला. रुमाल गेला. मग त्या त्याला 'आपला हात' म्हणू लागल्या. "आपला हात कुठे ठेवलास गं?"

दुसऱ्या आठवड्यात, दुपारी एकच्या सुमारास, ती एका निवृत्त शिंप्याच्या खोळीवर वयाचे तपकिरी ठिपके काढत होती. डावा हात टेबलावर उताणा पडला होता. त्याच्या तळव्यात ऊब आली. मग ती ऊब वर आली, खाली गेली. वर, खाली. झोपलेल्या बाळाच्या पाठीसारखी.

तिने तळवा डोळ्यांसमोर धरला. रिकामा होता. तरी वर, खाली.

सवय, तिने स्वतःला सांगितलं. सात महिने ज्या हातात एक पाठ होती, त्याला ती आठवणारच. बोटातली अंगठी काढली तरी नाही का दिवसभर बोचत? तिने ठिपके पूर्ण केले. दोनला दहा कमी असताना तळव्यातली पाठ एकदम वळवळली आणि निसटली. तिने घरी फोन लावला.

"आत्ता, या मिनिटाला उठली बघ," सासूबाई म्हणाल्या. "तुला कसं कळलं?"

"अंदाज," ती म्हणाली. आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटली नाही. इतका आनंद झाला की शिंप्याच्या खोळीवर तिने हौसेने दोन ठिपके जास्तीचे काढले.

साबणाची गोष्ट त्यानंतरची. दीड महिन्याने.

४

घाबरणं संध्याकाळवर टाकलं होतं, म्हणून संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग त्याचे डोळे लकाकले. वर्गात प्रयोग करायचा म्हटलं की लकाकतात तसे.

"डोळे मीट. पाय लांब कर. आपण शास्त्रशुद्ध बघू."

त्याने तिच्या डोळ्यांवर मफलर बांधला. आधी स्वतःच्या बोटाने तळपायाला केलं. ती किंचाळली, पाय ओढून घेतला.

"नस शाबूत आहे," तो म्हणाला. "पुढे."

ती वाट बघत राहिली. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या घरात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरात सासूबाई गोटीशी बोबडं बोलत होत्या.

"कर ना सुरू," ती म्हणाली.

"अगं, केव्हाचा करतोय."

तिने मफलर वर सरकवला. तो तिच्या पायाशी मांडी घालून बसला होता, आणि रबरी हाताची तर्जनी तिच्या तळपायावर टाचेपासून बोटांपर्यंत ओढत होता. ती बघत होती. बोट जात होतं तिथली कातडी दबत होती. स्पर्श होता, नव्हता असं नाही. पण त्याची कुणी दखलच घेत नव्हतं. आपणच आपला पाय खाजवावा तसा.

"रबर आहे ना, गुळगुळीत," नवरा म्हणाला. "म्हणून."

विज्ञानाच्या शिक्षकाशी लग्न केल्याचा हा फायदा. घरात कुठलीही गोष्ट फार वेळ विनाकारण राहत नाही.

"आणि काखेचं?" तिने विचारलं.

"त्याचं..." त्याने तिचा मफलर सोडवून त्याची घडी घातली. "झोप कमी पडतेय तुझी."

५

त्या रविवारी ते घडलं, आणि घरात सगळे खूश झाले.

एकचा सुमार होता. ती घरी असली की हाताला सुट्टी असे, तो कपाटात राही. तिने गोटीला पालथं घातलं आणि डावा हात पाठीवर ठेवला. तीन थापट्या.

गोटी हसली.

आधी पाठ आक्रसली, मग मान वळवून तिने मागे बघितलं, कोण आहे ते. आणि खिदळली. तिने अंगठा मणक्यावरून वर नेला तशी गोटी पाय झाडत किंचाळून हसली, अगदी बापाच्या हाताला हसायची तशी.

"अरे वा!" नवरा दारातून म्हणाला. "आज आईला मान मिळाला!"

"बघ, तू उगाच झुरत होतीस," सासूबाई म्हणाल्या. "हसली की नाही पोर? आता दृष्ट काढा कुणीतरी माझ्या सुनेची."

ती पण हसली. नाही हसली तर काय सांगणार होती? लेक हसली म्हणून मला भीती वाटते? कुठल्या डॉक्टरच्या केसपेपरवर लिहितात हे? तिने हात उचलला. उजवा ठेवला. गोटीने एक लांब श्वास सोडला आणि डोळे मिटले.

उजवा अजून घरचा होता.

त्या दिवसापासून ती गोटीचं सगळं उजव्या हाताने करू लागली. लंगोट बदलणं, टोपडं बांधणं, भरवणं. डावा लागलाच तर चिमट्यासारखा, कपड्यावरून. रस्त्यात तोंडओळखीचा माणूस भेटला की वागतो तसा तो हात गोटीपाशी वागे. आणि सोमवार ते शनिवार, दुपारी एक वाजता, सहा किलोमीटर दूर, त्याच हाताच्या रिकाम्या तळव्यात गोटीची पाठ वर जाई, खाली येई.

६

"काका, आपण असं आधी कधी केलं होतं का हो?" तिने विचारलं. "घरात वापरायला, माझ्यासारखं?"

काका साच्याच्या कडा घासत होते. "कशाला करतोय? आपलं गिऱ्हाईक म्हणजे हात गेलेलं. तीस वर्षं मी नसलेल्या हाताचीच खोळ ओततोय." त्यांनी फुंकर मारून भुकटी उडवली. "असलेल्या हाताची ही पहिलीच. का गं? उसवली का कुठे?"

"नाही. चांगली आहे."

पुढच्या रविवारी तिने ठरवलं. शहाण्या बाईने करावं तसं नीट ठरवलं: हात कपाटात, किल्ली आपल्या खिशात, आणि गोटीची डाव्या हाताशी पुन्हा ओळख करून द्यायची. मुलं सगळं शिकतात. आईचा हात कुठला, एवढं तर शिकतीलच.

एक वाजता डावा हात पाठीवर. गोटी हसली. तिने हात उचलून पुन्हा ठेवला. गोटी हसली. सव्वा वाजता हसण्यात कुरकुर मिसळली. दीड वाजता गोटी हसत हसत रडत होती, पाठ सोडवून घेत होती, जशी फार वेळ गुदगुल्या करणाऱ्या माणसापासून मुलं सोडवून घेतात. आणि त्याच वेळी तिच्या तळव्याला गोटीची पाठ लागतच नव्हती. डोळ्यांना दिसत होती, तळव्याला नाही. तळव्याला लागत होतं ते कपाटातलं घडीचं कापड, आणि थंड लाकूड.

"अगं, काय छळ मांडलायस पोरीचा!" सासूबाई आल्या. "कुठाय आपला हात? किल्ली दे बघू."

तिने किल्ली दिली.

रेतीची पिशवी गरम झाली. हात गोटीच्या पाठीवर गेला. खोलीत एकदम शांतता पसरली, आणि त्या शांततेत एक लांब श्वास.

सासूबाई आडव्या झाल्या. नवरा पेपर तपासायला बसला. ती स्वयंपाकघरात भांडी घासायला गेली, कारण भांडी घासताना रडलेलं कळत नाही. नळाखाली हात धरला, पाणी थंड होतं, पण डाव्या तळव्यात पाठ होती, उबदार, वर, खाली. मग ती पाठ वळली. आणि तिच्या तर्जनीभोवती, ब्लेडची खूण होती तिथेच, पाच इवलीशी बोटं घट्ट मिटली.

तिने नळ बंद केला.

दार अर्धवट लोटलेलं होतं. पडद्यातून दुपारचं पिवळं ऊन गादीवर पडलं होतं. गोटी कुशीवर वळून झोपली होती, आणि तिने त्या हाताची तर्जनी मुठीत धरली होती. ठीक. बाळं मिळेल ते धरतात. ती मागे फिरणार, तेवढ्यात त्या हाताचा अंगठा गोटीच्या मुठीवरून एकदा फिरला. हळूच. मूठ सुटू नये इतपत.

उन्हातला पडदा हलला असेल. सावली. झोप.

तिने खाली पाहिलं. तिचा स्वतःचा डावा अंगठा, ओला, हवेत हळूहळू फिरत होता. तिने तो फिरवला नव्हता. तिने तो थांबवला नाही.

ती किती वेळ तशी उभी होती, कुणास ठाऊक. आत गेली असती तर दोन पावलांत कळलं असतं. पण दोन पावलांनी बाळ उठतं, हे आयांना माहीत असतं. दारातून तिला एवढंच दिसलं की गोटीचा दुसरा हात, उजव्या बाजूचा, गादीवर काहीतरी चाचपतोय. मूठ उघडत होती, मिटत होती. तिथे काही नव्हतं.

७

"हल्ली अर्ध्या तासात उठते," सासूबाईंनी त्या आठवड्यात तीनदा सांगितलं. "या कुशीवर असली की ठीक. त्या कुशीवर वळली की शोधत बसते. मोठी होतेय ना. एका हातात मावेना आता."

हे सासूबाईंनी सांगायची गरज नव्हती. रोज दीड वाजता तिला कळत होतंच. तळव्यातली पाठ वळे, निघून जाई, आणि मग नुसती गादी. तेवढा वेळ तिला कुंचला धरवत नसे. इथे खुर्चीत बसून ती डावी बोटं ताणून पाही, अजून थोडं, अजून थोडं. गोटी बोटभर अंतरावर रडत असे आणि पोचता येत नसे.

नोकरी सोडावी असं एकदा मनात आलं. मग घराचा हप्ता आठवला. आणि मग, खरं बोलायचं तर, हेही आठवलं की घरी बसली तरी तिच्याजवळ आता एकच हात होता.

शनिवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ती काकांच्या टेबलाशी गेली आणि उजवी बाही वर दुमडली.

"जोडी?" काका म्हणाले. "मी म्हटलंच होतं. मागाहून रंग जुळवायला त्रास होतो बघ, तेव्हाच घ्यायला हवा होता."

"तेव्हा वाटलं, मला एखादा लागेल."

"आणि आता?"

ती हसली. "आता वाटतं, लागेल तिला."

काकांनी लगदा कालवला. त्यांना घाई होती, लगदा भरभर आवळतो. तिने उजव्या हाताकडे एकदा नीट पाहून घेतलं. सकाळी याच हाताने गोटीचं नाक पुसलं होतं, तेव्हा गोटीने मान फिरवली होती, पण हसली नव्हती. आपल्याच हाताने आपलं नाक पुसावं, इतकं बिनमहत्त्वाचं. तिने तो स्पर्श मनात घडी घालून ठेवला, आणि हात थंड गुलाबी लगद्यात कोपरापर्यंत आत घातला.

"हलायचं नाही," काका म्हणाले. "आवळताना सगळ्यांना गुदगुल्या होतात. तुला होतात का?"

"नाही," ती म्हणाली. मग, "अजून नाही."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला. डावा हात तिच्या मांडीवर उताणा होता. त्याच्या तळव्यात ऊब आली, वर गेली, खाली आली. बोटं आपली आपण हलली. तीन थापट्या, मग अंगठा.

काकांना शिंक येणार होती. तिने घाईने मान हलवून त्यांना खुणावलं, आणि त्यांनी बिचाऱ्यांनी नाक दाबून धरलं. का, ते त्यांना कळलं नाही.

ती अगदी निश्चल बसून राहिली. आत्ताच कुठे डोळा लागला होता.